पोर्टलीशचे 'नागरिक' की 'रहिवासी'?

प्रश्न असा आहे : 'आयर्लंडमधल्या पोर्टलीश गावाच्या नागरिकांनी मूळच्या नायजेरियाच्या रोटिमी अदेबारी यांना नगरपरिषदेवर निवडून दिलं' या वाक्यात 'नागरिक' बरोबर, की 'रहिवासी'?

'रहिवासी'च हवं. अदेबारी 2000 साली आश्रय मागायला आयर्लंडमध्ये आले, 2004 मध्ये निवडून आले आणि 2007 मध्ये त्या गावाचे प्रमुख झाले. (त्यांना मराठीत 'महापौर' म्हणतात, पण गाव लहान आहे, 'नगराध्यक्ष' म्हणणं जास्त योग्य.) आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत मत द्यायला किंवा उभं राहायला त्या देशाचं नागरिकत्व लागत नाही, तिथे राहत असलं की पुरतं. त्यांच्या संसदेचं कनिष्ठ सभागृह, म्हणजे डॉल, याचे नियम वेगळे. तिथे उमेदवार आयरिश नागरिकच हवा आणि मतदारही, फक्त ब्रिटिश नागरिकांना मतापुरती सवलत आहे. तेव्हा 'नागरिकांनी निवडून दिलं' असं लिहिलं, की मतदान केलेले परदेशी लोक वाक्यातून गळतात. ही चूक मला किरकोळ वाटत नाही.

गंमत म्हणजे 'नागरिक' आला 'नगर'वरून. मूळ अर्थ नगरात राहणारा. तो अर्थ 'नागरी वस्ती', 'नागरी सहकारी बँक' यांत अजून शाबूत आहे. 'नागरिकत्व' म्हटलं की मात्र पासपोर्टच आठवतो, आणि 'नागरी हक्क' म्हटलं की राज्यघटना. शब्द शहरातून निघून देशाचा झाला. शहराचं काम 'रहिवासी'कडे आलं, ज्यात 'राहणं' उघड ऐकू येतं.

आपला गोंधळ होतो तो सवयीमुळे. आपल्याकडे महापालिकेची मतदारयादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, म्हणजे पालिकेचा प्रत्येक मतदार भारतीय नागरिक असतोच. दोन शब्दांत फरक करायची वेळच येत नाही.

त्याच ओघात विचारलं आहे, की आयर्लंडचे भारतीय वंशाचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांना 'स्थलांतरित पंतप्रधान' म्हणावं का. नाही. 'स्थलांतरित' म्हणजे ज्याने स्वतः जागा सोडली तो. ते त्यांचे वडील. लिओ डब्लिनमध्ये जन्मले. 'मूळचे' चालेल, कारण मराठीत ते घराण्यालाही लागतं. मुंबईत जन्मलेला माणूसही 'आम्ही मूळचे मालवणचे' म्हणतो. आणि मालवण तालुक्यातलं वराड तर त्यांच्या आडनावातच आहे.