शब्दांना स्वतःचा अर्थ असतो की माणसं तो देतात?

शब्दात अर्थ मुळातच भरलेला असता तर काय झालं असतं, हे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथाने, न्यायसूत्रांनी, फार नेमकं सांगितलंय: ‘अन्न’ म्हणताच तोंड भरलं असतं, ‘अग्नी’ म्हणताच पोळलं असतं, ‘शस्त्र’ म्हणताच कापलं असतं. तसं होत नाही, म्हणून नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांच्या, मते शब्द आणि अर्थ यांचं नातं संकेताचं, म्हणजे ठरावाचं. वेदवाक्यांचा अर्थ लावणारे मीमांसक उलट सांगतात: हे नातं कुणी जोडलेलं नाही, उपजतच आहे.

मला नैयायिकांचं पटतं. पण ‘माणसं देतात’ म्हणताना कुठली माणसं, हे विचारायलाच हवं. मी एकट्याने म्हशीला गाय म्हणू लागलो तर ‘गाय’चा अर्थ बदलत नाही, माझं बोलणं तेवढं कुणाला कळेनासं होतं. व्याकरणकार पतंजलींनी आपल्या महाभाष्य या ग्रंथात म्हटलंय, घडा हवा असला की माणूस कुंभाराकडे जाऊन ‘घडा कर’ म्हणतो. शब्द हवेत म्हणून वैयाकरणाच्या घरी कुणी जात नाही. ते लोकांत आधीच चालू असतात. अर्थ सांभाळते ती ही रूढी.

रूढीची ताकद ‘वाढवणं’ या एका क्रियापदात दिसते. नारळ वाढवला म्हणजे फोडला, बांगडी वाढवली म्हणजे उतरवली किंवा फुटली, रात्री दुकान वाढवलं म्हणजे बंद केलं. ‘फुटलं’, ‘बंद झालं’ असं अशुभ तोंडून निघू नये म्हणून उलटा शब्द घेतला. आज नारळ वाढवणाऱ्याच्या मनात शुभाशुभाचा विचार नसला तरी अर्थ तोच लागतो.

उलट, ‘मूळ अर्थ’ पुढे करून वाद घालणारे नेहमी फसतात. ‘राग’ संस्कृतात रंग किंवा आसक्ती, मराठीत संताप. ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण, आपल्याकडे दंड. यातला कुठलाच अर्थ जास्त खरा नाही. बोलणारा समाज वेगळा, एवढंच.

आता एखाद्या वाक्यातला कोणता अर्थ रूढीचा आणि कोणता आपण ऐकताना घातलेला, हे तपासायची एक साधी रीत आहे. वाक्यापुढे ‘पण’ लावा आणि तो अर्थ मागे घेऊन बघा. ‘जेवायला बसतोस?’ याला उत्तर आलं, ‘आत्ताच डबा खाल्ला’. आपण समजतो, याला जेवण नको. आता म्हणून बघा: ‘आत्ताच डबा खाल्ला, पण वाढ, बसतो’. सहज चाललं. म्हणजे ‘नको’ हे आपण पुरवलेलं होतं. ‘आत्ताच डबा खाल्ला, पण डब्यातलं काहीच खाल्लं नाही’ हे मात्र जिभेवरच अडतं. तेवढा भाग शब्दांचा स्वतःचा.

ही रीत दोन ठिकाणी चकवते. ‘दुकान वाढवलं, पण बंद नाही केलं, शेजारचा गाळा घेतला’ हे वाक्य चालतं, म्हणून ‘बंद’ हा अर्थ ऐकणाऱ्याने घातला असं वाटेल. तसं नाही. शब्दाचे दोन रूढ अर्थ आहेत आणि ‘पण’ने आपल्याला एकावरून दुसऱ्यावर नेलं. म्हणून आधी अर्थ निवडा, मग कसोटी लावा. निवड कशावरून करायची याची यादी भाषेचे तत्त्वज्ञ भर्तृहरी यांनी वाक्यपदीय या ग्रंथात दिली आहे: साहचर्य (सोबत), प्रकरण (चाललेला विषय), औचित्य, देश, काल आणि आणखी बरंच काही. ‘सैंधव आण’ हे याचं जुनं उदाहरण. पानावर बसलेला म्हणाला तर मीठ, प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा. दुसरा चकवा निरोपाचा. दारातून बाहेर पडताना ‘येतो’ म्हणणारा काही माहिती देत नसतो, निरोप घेत असतो. तिथे मागे घ्यायला विधानच नसतं.

शब्द आणि माणूस यांची वाटणी सगळ्यात स्वच्छ दिसते ती किराणा दुकानातल्या पाटीवर: ‘आज रोख, उद्या उधार’. ज्या दिवशी वाचाल त्याच्या पुढचा दिवस, एवढा नियम ‘उद्या’ शब्दाचा. दिवस कोणता, हे वाचणारा येताना घेऊन येतो. सोमवारी वाचणाऱ्याची उधारी मंगळवारी, आणि तो मंगळवारी आला की बुधवारी. पाटीवरचं एक अक्षरही बदलावं लागत नाही.