डोळ्यांची काळजी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे, पोलीस भरतीचा अभ्यास करते. दिवसा माझ्यासोबत कापूस वेचायला येते, रात्री मोबाइलवर पीडीएफ वाचते. हरभऱ्याच्या ओलितासाठी मोटारी सुरू झाल्या की घरचा बल्ब मिणमिणतो. धाकटा झोपला की ती तोही बंद करते. आता तिचे डोळे चुरचुरतात, लाल होतात, कपाळ ठणकते. मेडिकलमधून ड्रॉप आणले, लाली गेली, म्हणून दुसरी बाटली आणली. सासूबाई म्हणतात, अंधारात वाचून पोरीचे डोळे जातील. निळ्या काचेचा चष्मा घ्यावा काय?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आधी त्या बाटलीचं बोलू. तिच्यावर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं छापलंय का, मुलीला वाचायला लावा. असेल तर ते स्टेरॉइड आहे. भरतीची तयारी करणारी पोरं माझ्यासमोर बसून खिशातून अशीच अर्धी संपलेली बाटली काढतात, तेव्हा जीव धसकतो. लाली लवकर जाते, म्हणून लोक तेच पुन्हा आणतात. पण फार दिवस टाकत राहिलं की काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि काचबिंदू होतो. तो बहुधा दुखत नाही. नजर कडेकडून जात राहते, कळत नाही, आणि गेलेली परत येत नाही. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय पुढचा थेंब टाकू नका. बाटली फेकूही नका, तपासायला जाताना सोबत न्या.

मंद उजेडात वाचून डोळे जात नाहीत, सासूबाईंना निश्चिंत राहू द्या. थकतात मात्र खरे. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते, अक्षर नीट धरून ठेवणं अवघड जातं. चष्म्याचा बारीक नंबर दिवसा खपून जातो, तो रात्री त्रास देतो. कपाळ ठणकतं म्हणजे मला त्याचीच शंका आहे. शिवाय एरवी मिनिटाला १५-२० वेळा मिटणाऱ्या पापण्या मोबाइलवर खूप कमी मिटतात. डोळा कोरडा पडतो, त्यात वावरातली धूळ.

बल्ब नको असेल तर चार्जिंगचा दिवा भिंतीकडे तोंड करून ठेवा. खोलीत उजेड राहील, धाकट्याच्या डोळ्यांवर येणार नाही. मोबाइलचा प्रकाश खोलीइतकाच ठेवा, मोबाइल दोन विती लांब धरा, पडून वाचणं नको. दर २० मिनिटांनी दारात येऊन २० सेकंद लांब पाहायचं, पापण्या मिटायच्या. मोठ्या कागदाचं पान तळहाताएवढ्या पडद्यावर मावत नाही, म्हणून नेहमी लागणारी प्रकरणं झेरॉक्सवाल्याकडून छापून आणा. तो खर्च सार्थकी लागेल. निळ्या काचेच्या चष्म्याचा खर्च सार्थकी लागणार नाही. त्या काचेनं असा थकवा कमी होतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासायचा वार विचारून याच आठवड्यात जा. तिथं सोय नसेल तर यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच. नुसता नंबर काढून परत येऊ नका. ‘ड्रॉप टाकले होते, डोळ्यातला दाबही मोजा,’ असं तोंडानं सांगा.