सोयाबीनमधलं तण औषधाला दाद देईना: प्रतिकार की मागून उगवलेलं बी?

प्रश्न: चिक्कोडी तालुक्यात सोयाबीनला चार वर्षं इमॅझेथापायर हे तणनाशक मारतोय. पूर्वी रान साफ व्हायचं, आता सावा आणि माठ राहतो. तणाला औषधाची सवय झाली का? आणि भांगलून स्वच्छ केलेल्या रानात तण परत येतं कुठून?

उत्तर: रोपाला सवय लागत नसते. असंख्य रोपांत एखादं जन्मतःच औषध सोसणारं निघतं. दरवर्षी तेच औषध मारलं की बाकीची जळतात आणि त्या एकाचंच बी रानात पडत राहतं. हरियाणात गव्हातल्या गुल्ली-दंडा या तणावर आयसोप्रोट्यूरॉन हे तणनाशक वर्षानुवर्षं मारलं गेलं आणि १९९०च्या दशकात ते निकामी ठरलं, ते असंच. तरी माझ्या मते संशय आधी पंपावर घ्यावा.

फवारणीनंतर पंधराव्या दिवशी रानात उकिडवं बसून बघा. उरलेली रोपं दोन-दोन पानांची कोवळी असतील तर ती फवारणीनंतर उगवलीत. पट्ट्यापट्ट्यानं सगळ्याच जातींचं तण राहिलं असेल तर फवारणी चुकली. एकाच जातीची, एकाच उंचीची दोन रोपं शेजारी, एक करपलेलं आणि एक हिरवंगार, असं जागोजागी दिसलं तरच प्रतिकार धरा.

हिशेब असा: इमॅझेथापायर १० टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं द्रावण) एकरी ४०० मिली, पाणी २०० लिटर. म्हणजे १६ लिटरच्या पंपाला ३२ मिली आणि एकराला साडेबारा पंप. आठ पंपांत एकर उरकणारा गडी २५६ मिलीच टाकतो. तण ३-४ पानांवर असतानाच मारा. सावा फुटला की हेच औषध कमी पडतं.

आता बियाचं. टाकळा आणि चांदवेलीच्या बियाचं कवच इतकं टणक की पाणी आत जात नाही, ते वर्षावर्षानं थोडंथोडं उगवतं. माठाचं बारीक बी खोल गेलं तर पडून राहतं. कुळवानं वर आलं, उजेड लागला की उठतं. जोंधळ्याच्या मुळांवर जगणारं टारफुला हे तण तर यजमान पिकाच्या मुळांतून येणारा स्राव मिळेपर्यंत जमिनीत वर्षानुवर्षं थांबतं. मिशिगनमध्ये १८७९ साली बाटल्यांत भरून पुरलेलं काही तणबी २०२१ मध्येही उगवलं, तिथं आपली चार वर्षं काय!

खात्रीसाठी वाचलेल्या रोपांचं पक्कं बी घ्या आणि कधीच औषध न पडलेल्या बांधावरचं त्याच जातीचं बीही घ्या. घोटाळा इथंच होतो: सावा-माठाचं ताजं बी कुंडीत उगवत नाही आणि माणूस परीक्षाच सोडतो. ते कोरड्या जागी उन्हाळाभर ठेवा, मग मातीवर भुरभुरून नुसतं दाबा. टणक कवचाचं बी पॉलिश पेपरवर घासा. ३-४ पानांवर दोन्हींवर सारखी मात्रा मारा आणि तीन आठवड्यांनी मोजा. बांधाचं मेलं, रानाचं जगलं, तर प्रतिकार.

तसं निघालं तर मात्रा दुप्पट करू नका. उपयोग थोडा आणि मागून पेरलेल्या शाळवाला फटका बसू शकतो. इमॅझेथापायरऐवजी डायक्लोसुलम हे तणनाशक घेणं म्हणजे बाटली बदलणं, दोन्ही एकाच गटातली, म्हणजे तण मारायची रीत एकच. पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, ओलीवर पेंडिमेथॅलिन ३० टक्के एकरी एक लिटर मारा. त्याचा गट वेगळा. मागून सावा आला तर क्विझॅलोफॉप ५ टक्के एकरी ४०० मिली. त्यानं माठ मरत नाही, माठ कोळपून-भांगलूनच काढा.

पेरणीआधी वळवाच्या पावसावर तण उगवू द्या, १०-१२ दिवसांनी उथळ कुळवा, दोन इंचांच्या आत. खोल गेलात तर खालचं बी वर याल घेऊन. कच्चं शेणखत टाळा. जनावराच्या पोटातून टणक बी सुखरूप बाहेर येतं, त्यामुळे मेंढ्या बसवायच्या आधी त्या कुठं चरून आल्यात ते विचारा. वाचलेलं रोप बी धरायच्या आत उपटा. आणि मळणी मशीन दुसऱ्याच्या रानातून येतं, ते बांधाबाहेरच झाडून घ्या.