जुन्या काळात तरुण महिला डिटेक्टिव्ह खरंच होत्या का, की हे फक्त थ्रिलरमध्येच असतं?

होत्या. माझ्या मनात घर करून बसलेलं नाव म्हणजे केट वॉर्न. १८५६ साली शिकागोत ऐन विशीतली ही विधवा पिंकर्टनच्या डिटेक्टिव्ह एजन्सीत काम मागायला गेली. ॲलन पिंकर्टनला वाटलं, कारकुनी कामासाठी आली असेल. तिनं सांगितलं, मला डिटेक्टिव्ह व्हायचंय. जिथं पुरुषाला शिरकाव नाही तिथं बाई सहज पोचते, हा तिचा मुद्दा होता आणि तो त्याला पटला.

एका चोरीच्या प्रकरणात तिनं संशयिताच्या बायकोशी मैत्री केली आणि बहुतेक सगळी रक्कम परत मिळाली.

पण मला सगळ्यात आवडतो तो फेब्रुवारी १८६१ चा प्रसंग. अब्राहम लिंकन रेल्वेनं वॉशिंग्टनला जाणार होता आणि वाटेत बाल्टिमोर शहरात त्याच्या खुनाचा कट शिजत असल्याची कुणकुण लागली होती. केट दक्षिणेकडची श्रीमंत बाई बनून तिथल्या मंडळींत मिसळली. मग फिलाडेल्फियाहून रात्रीच्या गाडीत तिनं ‘आजारी भावासाठी’ झोपायच्या जागा घेतल्या. मऊ टोपी घालून, खांद्यावर कोट टाकून आलेला तो उंच भाऊ म्हणजे अमेरिकेचा निवडून आलेला अध्यक्ष!

थ्रिलर निवडताना म्हणूनच मी एक गोष्ट बघते. नायिका फक्त हाणामारीत पुरुषांची बरोबरी करत असेल तर मला ती कथा पोकळ वाटते. खरी मजा, लोक तिला ‘बाईच तर आहे’ म्हणून सोडून देतात आणि ती तेवढ्यात सगळं टिपून घेते, त्या क्षणात असते.