जुनी सेडान, फिरवलेलं मीटर आणि 'जशी आहे तशी'ची पावती

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी. मार्चमध्ये अमरावतीच्या एका कार बाजारातून २०१६ ची डिझेल सेडान ४ लाख १० हजारांना घेतली. अडीच लाख आरटीजीएसने दिले, १ लाख ६० हजार रोख. पावती मात्र अडीच लाखांचीच मिळाली. तिच्यावर 'गाडी जशी आहे तशी, नंतर तक्रार चालणार नाही' असं छापलेलं आहे. मीटरवर ६८ हजार किलोमीटर होते. मे महिन्यात क्लच घसरायला लागला, गाडी सुरू-बंद करताना खडखड येते. यवतमाळच्या सर्व्हिस सेंटरने क्लच सेट आणि फ्लायव्हीलचं ६२ हजारांचं एस्टिमेट दिलं. त्यांच्याच संगणकात या गाडीची २०२२ ची १ लाख ४२ हजार किलोमीटरची नोंद निघाली. आरसी अजून पहिल्या मालकाच्या नावावर आहे, तिच्यावर बँकेचा बोजाही दिसतो. गाडी दोन लग्नांना भाड्याने दिली होती, तेही सांगून ठेवतो. पैसे परत मिळतील का?

उत्तर : मिळू शकतात, पण क्लचच्या नावाने मागितले तर नाही. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग हे टायरसारखे झिजणारे भाग. ग्राहक आयोगापुढे नुसतं ६२ हजारांचं एस्टिमेट ठेवलंत, तर समोरचा वकील दोन वाक्यांत काम उरकेल : गाडी जुनी होती, आणि हे ती पांदणीतून चालवतात. तुमची तक्रार मीटरची आहे. दीड लाखाच्या घरात पळालेली गाडी ६८ हजारांची म्हणून विकली, एवढ्यावर उभे राहा. क्लच त्या तक्रारीचा पुरावा म्हणून येऊ द्या.

तो पुरावा कसा, ते मिस्त्रीकडून लिहून घ्या. सुरू-बंद करतानाची खडखड बहुधा ड्युअल मास फ्लायव्हीलची असते. इंजिन आणि क्लच यांच्यामधल्या या जड चाकात दोन चकत्या आणि मधे स्प्रिंगा असतात. स्प्रिंगा ढिल्या पडल्या की चकत्या एकमेकींवर वाजतात. ६८ हजारांत हे सहसा होत नाही, दीड लाखाच्या आसपास नवल नाही. म्हणून गिअरबॉक्स आत्ता उतरवू नका. एकदा जुने भाग भंगारात गेले की तपासायला काही उरत नाही. गाडी अगदी अडलीच तर आधी विक्रेत्याला लेखी कळवा, नंबरप्लेट दिसेल असे फोटो काढा, आणि निघालेली प्लेट व फ्लायव्हील पोत्यात बांधून घरी आणा.

आकडा खोटा असला की पुढचा खर्चही चुकतो, हे तक्रारीत जरूर लिहा. टायमिंग बेल्ट किलोमीटर आणि वर्षं मोजून बदलतात. ६८ हजारांच्या भरवशावर तुम्ही तो ठेवलात आणि चालत्या गाडीत तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनाचं हेड उघडावं लागतं. तुमच्या इंजिनात बेल्ट आहे की चेन, ते सर्व्हिस सेंटरला विचारा. बेल्ट असेल तर तो कधी बदलला, हे त्याच नोंदीत दिसेल.

आता पुरावे. सर्व्हिस सेंटरकडून सगळ्या जॉबकार्डांची, म्हणजे प्रत्येक सर्व्हिसच्या नोंदीच्या कागदांची, प्रत शिक्का-सहीसह घ्या. त्यावर चासी नंबर असलाच पाहिजे. बॉनेटखाली किंवा दाराच्या खांबावर ऑइल बदलल्याचं जुनं स्टिकर राहिलं असेल तर त्याचा फोटो काढा. मीटर फिरवणारे बहुतेकदा तेवढंच विसरतात. टायरच्या भिंतीवरचे चार आकडेही बघा : २२१६ म्हणजे २०१६ चा बाविसावा आठवडा. गाडीची जाहिरात, व्हॉट्सॲपवरची बोलणी, विक्रेत्याने पाठवलेला मीटरचा फोटो यांतलं काही पुसू नका आणि तो फोन बदलू नका. असा फोनमधला पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडायचं असतं.

तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार मात्र पहिला मालक आहे. त्याला गाठा. तो तुमच्याशी बोलेल, कारण तोही अडकलेला आहे. आरसीवर ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केलं आहे. गाडी कार बाजारात दिली तेव्हा मीटरवर काय होतं, हे त्याच्याकडून प्रतिज्ञापत्रावर घ्या. विक्रेता उद्या 'मीटर मालकानेच फिरवलं' म्हणेल, ती वाट तिथेच बंद होते. बँकेचं कर्ज फिटलं आहे का, तेही त्यालाच विचारा. फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ यांवर बोजा उतरतो. फिटलं नसेल तर बँक गाडी ओढून नेऊ शकते. तुम्हाला न सांगता बोजा असलेला माल विकणं हा माल विक्री कायदा १९३० च्या कलम १४ चा भंग आहे.

'जशी आहे तशी' या छापील ओळीला घाबरू नका. ती ओरखडे, आवाज, झीज यांच्यापुरती चालते. फसवणुकीने घेतलेली संमती करार कायद्याच्या कलम १९ प्रमाणे तुम्ही रद्द करू शकता. 'तुम्ही आधीच रेकॉर्ड का तपासलं नाही?' हा प्रश्न येईलच. विक्रेता नुसता गप्प राहिला असता तर या प्रश्नाला वजन होतं. इथे त्याने खोटा आकडा सांगून माल विकला.

पण एक निवड तुम्हालाच करायची आहे. गाडी परत देऊन पूर्ण पैसे हवेत, तर आजपासून ती चालवणं बंद करा, झाकून ठेवा आणि आपल्या नावावर करायला जाऊ नका. गाडी वापरत राहून 'करार रद्द' म्हणता येत नाही. गाडी ठेवायची असेल, तर परवानाधारक सर्व्हेयरकडून दोन किमती लिहून घ्या : ६८ हजार चाललेल्या अशा गाडीची मार्चमधली किंमत, आणि खऱ्या आकड्याची. मधला फरक ही तुमची मुख्य मागणी. या वाटेने गेलात तर फॉर्म २९ आणि ३० भरून हस्तांतर लगेच करा. घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत असते, ती उलटली आहे, तेव्हा दंड भरावा लागेल. थकीत ई-चलान आधी बघा. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असल्याने एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेटची पाटीही लागेल. विमा कंपनीला नाव बदलण्याचा अर्ज द्या. थर्ड पार्टी विमा कायद्याने गाडीबरोबर येतो. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा तसा येत नाही.

माझं मत विचाराल तर परत द्या. बोजा, बेल्ट, फ्लायव्हील आणि काळ्या मातीत घासणारं सेडानचं पोट, एवढं सांभाळून ती स्वस्त पडणार नाही.

नोटीस स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशी पाठवा. १५ दिवसांची मुदत द्या. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. त्याचा क्रमांक नोटिशीत मागा. नसेल तर तो मुद्दाही तुमचाच. उत्तर आलं नाही तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, अमरावतीच्या चकरा नकोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे. गाडी शेजाऱ्याकडून घेतली असती तर हा रस्ता नव्हता, दिवाणी दावाच करावा लागला असता. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (४) खाली फसवणुकीची फिर्यादही होते, पण ठाण्यात 'ही दिवाणी बाब आहे' हे उत्तर ठरलेलं. जॉबकार्डं आणि प्रतिज्ञापत्र हातात आल्यावरच तिकडे जा.

रोख रकमेचं काय? कापसाचे पैसे बँकेतून त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी काढले असतील तर पासबुकाची नोंद, सोबत आलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र आणि ४ लाख १० हजारांचा उल्लेख असलेला एखादा मेसेज, यांची जुळणी करा. नोटिशीत पूर्ण रक्कमच लिहा.

भाड्याची गोष्ट लपवू नका. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं परवान्याविना धंदा ठरतो, तेव्हा अपघात झाला असता तर विमा कंपनी नक्की अडली असती. विक्रेता 'हे ग्राहकच नाहीत, व्यापारी आहेत' म्हणेल. गाडी घरच्या वापरासाठी घेतली, दोनच फेऱ्या झाल्या, त्याही घेतल्यानंतर, हे तक्रारीत तुम्हीच आधी लिहा. आणि तो 'वीस हजार घ्या, मिटवा' म्हणत कोऱ्या कागदावर सही मागायला आला, तर पूर्ण रक्कम खात्यात दिसेपर्यंत सही करू नका.