न्यू जर्सीतून तुम्ही विचारता: अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याच्या सहीचा आर्थिक कागद ५०० डॉलरमध्ये मिळेल का? विक्रेत्याकडे सरकारी कर्जाच्या १७९० च्या कायद्याचा रोखा आहे, आणि 'स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या' ऑलिव्हर वोल्कॉटचा पैसे देण्याचा एक हुकूम, चिरा पाडलेला.

हॅमिल्टन विसरा. १७९० च्या कायद्याचे कर्जरोखे सहसा राज्याराज्यांतले कर्ज-आयुक्त सही करून देत. मॅसॅच्युसेट्समध्ये नॅथॅनिएल ॲपलटन. योजना हॅमिल्टनची, सही दुसऱ्याची. सहीच्या वळणाकडे नंतर बघा. आधी तारीख बघा, आणि त्या दिवशी त्या खुर्चीत कोण होतं ते शोधा.

वोल्कॉटचंही तेच. जाहीरनाम्यावर सही केली ती बापाने (१७२६–१७९७). १७८० च्या दशकात कनेक्टिकट राज्याच्या पे-टेबल ऑफिसात, म्हणजे देणी मंजूर करणाऱ्या कचेरीत, बसून सह्या करणारा त्याच नावाचा त्याचा मुलगा, जो १७९५ मध्ये हॅमिल्टननंतर अर्थमंत्री झाला. बापाच्या नावावर मुलगा खपवणं हा या धंद्यातला रोजचा खेळ आहे. पण मुलगा म्हणून, मुलाच्या भावात मिळत असेल तर जरूर घ्या.

आणि चिरा आहेत म्हणून नाक मुरडू नका. 'चिरलेला कागद म्हणजे रद्दी' म्हणणाऱ्यांशी माझं कधीच जमलेलं नाही. हे हुकूम हार्टफर्डला कनेक्टिकटचा खजिनदार जॉन लॉरेन्स याच्या नावे निघत. पैसे चुकते झाले की तोच कागद पुन्हा वटू नये म्हणून चीर किंवा भोक पाडत. म्हणजे सही आधी, चीर नंतर. दहापटीचं भिंग घ्या आणि सहीची रेघ चिरेला जिथे छेदते तिथे बघा. दोन्ही कडांवर रेघ स्वच्छ तुटलेली हवी. शाई चिरेच्या कडेत झिरपून पिसारली असेल, तर सही नंतर घुसडलेली आहे. घडीवरही हीच परीक्षा, फक्त तितकी पक्की नाही. काही फॉर्म लिहिण्याआधीही दुमडलेले असत. कोऱ्या करकरीत कागदाजवळ असा साक्षीदार नसतो.

अतिनील दिव्यावर फार विसंबू नका. कागद निळा-पांढरा चमकला तर तो विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा, एवढंच कळतं. रॉबर्ट स्प्रिंग वॉशिंग्टनच्या खोट्या सह्या करायचा त्या जुन्या पुस्तकांच्या कोऱ्या पानांवर. तिथे दिवा मुकाट पास करतो. विक्रेत्याच्या 'अस्सलपणाच्या प्रमाणपत्रा'ला तर मी काडीची किंमत देत नाही. ते कुणाच्याही प्रिंटरवर निघतं.

जाहीरनाम्यावरचाच माणूस हवा असेल तर फ्रान्सिस हॉपकिन्सनच्या हुंड्या बघा. सरकारी कर्जावरच्या व्याजाच्या, पॅरिसवर काढलेल्या. १२ डॉलरची हुंडी म्हणजे ६० लिव्र, तेव्हाचं फ्रेंच चलन. समुद्रात जहाज गेलं तर पंचाईत नको म्हणून प्रत्येकीच्या चार प्रती काढत, आपल्याकडच्या पैठ-परपैठेसारख्या. एक वटली की बाकीच्या बाद. तुम्ही न्यू जर्सीत आहात, तर तिथल्याच जॉन हार्टची सही असलेल्या मार्च १७७६ च्या चलनी नोटाही बघा. मात्र तीच मालिका म्हणून डोळे मिटून घेऊ नका, हार्टचं नाव स्वतः वाचा.

एक राहिलं: चीर नेमकी नावातून गेली असेल तर भाव पडतो, हे मान्य. तेवढं घासून घ्या. घरी आणल्यावर चिरेला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नाहीच. पॉलिएस्टरच्या पाकिटात, उजेडापासून लांब ठेवा.