कोंगा घेऊन बर्लिनला जायचंय? आधी शिकवण्यांचं गणित मांडा

तुमचा प्रश्न असा: पुण्यात तबला शिकलात, काही वर्षं साल्सा बँडमध्ये कोंगा (हाताने वाजवायचा उंच क्यूबन ढोल) वाजवताय, आता बर्लिनला जाऊन आफ्रो-क्यूबन तालवाद्यं वाजवून आणि शिकवून घर चालेल का?

चालेल, पण शिकवण्यांवर. कार्यक्रमांचं मानधन वरकड धरा. छोट्या क्लबमध्ये बऱ्याचदा तिकिटांतला वाटा मिळतो, आणि उन्हाळ्यात महोत्सवांची रेलचेल असली तरी जानेवारीत शुकशुकाट असतो. क्यूबाहून बाहेर पडलेल्या मोठ्या वादकांनीही शिकवण्याला दुय्यम मानलं नाही. ओर्लांदो 'पुंतिया' रिओस १९८० च्या सुमारास न्यूयॉर्कला आले आणि तिथल्या बाता (क्यूबातल्या उपासनेचे ढोल) वादकांची एक अख्खी पिढी त्यांच्या हाताखाली तयार झाली.

पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे बदलून घेऊ, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. भारतीय पासपोर्टवर ते जमत नाही. निवास कायद्याच्या कलम २१ (५) खालचा, स्वतंत्र व्यवसायासाठीचा राष्ट्रीय (डी) व्हिसा हातात घेऊनच निघा. या अर्जात सगळ्यात वजन असतं ते तिकडच्या लोकांनी काम देण्याची तयारी दाखवलेल्या पत्रांना. 'यांचं वादन आम्हाला फार आवडलं' अशा पत्राचा काही उपयोग नाही. काम कोणतं, आठवड्याला किती तास, तासाचा दर काय आणि कोणत्या महिन्यापासून, हे चारही मुद्दे सहीसकट हवेत. त्यांची बेरीज घरभाडं आणि आरोग्य विम्याला पुरताना दिसली पाहिजे. प्रवास विमा निवास परवान्यासाठी चालत नाही. वय ४५ च्या वर असेल, तर म्हातारपणाच्या तरतुदीचा पुरावाही मागतात.

आता एक अडचण, जी हल्ली नव्या माणसाला हमखास नडते. जर्मनीच्या संघीय सामाजिक न्यायालयाने २८ जून २०२२ रोजी हेरेनबर्गच्या संगीत शिक्षिकेच्या खटल्यात निकाल दिला, की नगरपालिकेच्या संगीत शाळेत ठरलेल्या वेळी, शाळेच्या खोलीत, शाळेच्या अभ्यासक्रमाने शिकवणारी व्यक्ती 'स्वतंत्र' नसून नोकर आहे. तेव्हापासून शाळा तासांवरचे करार करायला कचरतात आणि नोकरी देऊ करतात. तुमचा परवाना मात्र स्वतंत्र व्यवसायाचा असतो. त्यात नोकरीची मुभा लिहिलेली नसेल तर ती घेता येत नाही. म्हणून पत्रं गोळा करताना सगळी भिस्त संगीत शाळांवर ठेवू नका. नृत्यवर्गांची साथ, शनिवार-रविवारच्या कार्यशाळा, खाजगी विद्यार्थी असं मिश्रण करा. आफ्रो-क्यूबन नृत्य शिकवणाऱ्यांना जिवंत साथ हवीच असते, आणि ते काम दर आठवड्याला ठरलेलं असतं.

पोहोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, मग कर कार्यालयाचा प्रश्नतक्ता, आणि लगोलग कलाकारांच्या सामाजिक विमा निधीकडे, म्हणजे क्युन्स्टलर-सोत्सियालकासेकडे अर्ज. आरोग्य, शुश्रूषा आणि निवृत्तिवेतन विम्याचा निम्माच हप्ता तुमच्याकडून घेतला जातो. संगीत शिकवणारेही त्यात बसतात. वर्षाला किमान ३,९०० युरो कमाईची अट आहे, पण नवोदितांना पहिली तीन वर्षं ती लागू नाही. करार, पावत्या, जाहिरातीची पत्रकं पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. अर्ज अडतो तो कागद अपुरे पडल्यामुळे.

आता हाताबद्दल. तबल्यामुळे टाच-बोटांची हालचाल तुम्हाला लवकर साधलेली असणार. तुंबाओची, म्हणजे कोंगाच्या मूळ ठेक्याची, डावी टाच, डावी बोटं, उजवी स्लॅप (चापटीसारखा कडक ठोका), डावी बोटं, डावी टाच, डावी बोटं आणि उजव्या हाताचे दोन खुले ठोके, हे आठ घाव तबलजी पहिल्याच आठवड्यात वाजवतो. फसतो तो स्लॅपमध्ये: बोटं ताठ ठेवून मनगटाने मारतो, आवाज बारीक येतो आणि महिन्याभरात सांधे दुखतात. वजन कोपरापासून पडू द्या, बोटं सैल ठेवा.

त्याहून अवघड आहे समेची ओढ सोडणं. क्लावे म्हणजे सगळा बँड ज्याला धरून चालतो तो पाच घावांचा ठेका. त्यातल्या सोन क्लावेचे घाव १६ मात्रांत १, ४, ७, ११, १३ वर पडतात. रुंबा क्लावेत ७ चा ८ होतो, एवढाच फरक. पण साल्सातला बास पहिल्या मात्रेवर सहसा वाजतच नाही, आणि कोंगाचे खुले ठोके तिच्या अलीकडे असतात. तिथे तिहाई घेऊन समेवर आदळलात की नाचणाऱ्यांची पावलं चुकतात आणि बँड पुन्हा बोलवत नाही. रोज अर्धा तास पायाने क्लावे धरून हाताने तुंबाओ वाजवा, मग २-३ (आधी दोन घावांचा भाग) आणि ३-२ (आधी तीन घावांचा) अशा दोन्ही बाजूंनी.

बाताबाबत माझं मत स्पष्ट आहे: शिकवायला घेऊ नका. इया, इतोतेले आणि ओकोन्कोलो हे बाताचे तीन ढोल सांतेरिया या आफ्रो-क्यूबन धर्माच्या उपासनेतले आहेत. अभिमंत्रित संच दीक्षा घेतलेलेच वाजवतात. बर्लिनमध्ये क्यूबन वादक आहेत. त्यांच्याकडे शिष्य म्हणून जा. 'क्यूबन परंपरेचा वारसदार' अशी जाहिरात तर मुळीच नको. तुमची ओळख तबला आणि कोंगा दोन्ही येणारा वादक हीच आहे, आणि तिला तिथे किंमत आहे.

कोंगा इथून नेऊ नका, तिकडे जुने चांगले मिळतात. तबला न्या. सहा महिने वापरातली वस्तू घरसामानाच्या यादीत घातली, आणि तुम्ही आधी किमान १२ महिने युरोपीय संघाबाहेर राहिला असाल, तर सीमाशुल्क लागत नाही. हिवाळ्यात हीटरने खोली कोरडी पडते, पुडी ताणते आणि शाईला चिरा जातात. आर्द्रता ४० ते ६० टक्के ठेवा. कोंगाची कातडी वादन संपलं की सगळ्या नटांवर सारखेच फेरे देऊन सैल करा. घरी कोंगा वाजवता येईल असं धरू नका: रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी शांतता पाळावी लागते, शेजारी लेखी तक्रार करतात. सरावाच्या भागीदारीतल्या खोलीचं भाडं पहिल्याच अंदाजपत्रकात धरा, आणि निघण्याआधी पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात किमान बी-१ (मध्यम) पातळीपर्यंत जर्मन करा, कारण लहान मुलांचे वर्ग इंग्रजीवर मिळत नाहीत.